'मूक' म्हणावं की 'समानार्थी'?

प्रश्न असा आहे: मेंदूतल्या डोपामिन ग्राहींबद्दल (रिसेप्टर, म्हणजे डोपामिन हे रसायन टिपणारी पेशीवरची प्रथिनं) लिहिताना 'सायलेंट म्युटेशन'ला (जनुकातला असा बदल, ज्यानं प्रथिनाची साखळी बदलत नाही) 'मूक उत्परिवर्तन' म्हणावं की 'सुप्त'? आणि ते मूक असेल, तर त्यानं ग्राही कमी कसे होतात?

'सुप्त' बाद. झोपलेलं कधीतरी जागं होतं. इथे तसं काही घडत नाही. 'मूक' रुळलाय, पण त्यात एक गोची आहे. 'मूक जनुक' म्हणजे ज्यावरून प्रथिन बनतच नाही ते. मूक उत्परिवर्तन झालेलं जनुक मात्र चांगलं बोलतं असतं!

डी२ हा डोपामिन ग्राहींचा एक प्रकार. त्याच्या जनुकात ९५७ व्या जागी काही माणसांत 'सी' या डीएनएच्या अक्षराऐवजी 'टी' असतो. तीन अक्षरांचा एक संकेत, आणि एक संकेत म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या साखळीतला एक मणी. म्हणून ९५७ भागिले ३: हे ३१९ व्या संकेताचं शेवटचं अक्षर. सीसीसीचं सीसीटी झालं, पण दोन्हींचा अर्थ प्रोलिन हे एकच अमिनो आम्ल. ६१ संकेत आणि अमिनो आम्लं २०, तेव्हा अशी पुनरुक्ती होणारच. ग्राहीची साखळी जशीच्या तशी राहते.

तरी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये, 'टी'वाल्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) वेगळी घडी घालून बसला, लवकर विरला, आणि त्यावरून ग्राही कमी बनले. म्हणजे बिघाड ग्राहीच्या रचनेत नाही, निरोपाच्या आयुष्यात आहे. गंमत पुढेच: ११०१ व्या जागचा दुसरा असाच बदल एकटा असताना काही करत नाही, पण ९५७ च्या जोडीला आला की ९५७ चा परिणाम पुसून टाकतो. (पेशींतला हा हिशेब जिवंत मेंदूला सरळ लावू नये, तिथली मोजमापं इतकी एकसुरी नाहीत.)

म्हणून माझं मत 'समानार्थी उत्परिवर्तन' या शब्दाला. 'पाणी' आणि 'जल' समानार्थी, पण 'हातावर जल सोडलं' म्हणून पाहा. 'समानार्थी' एवढंच सांगतो की अमिनो आम्ल तेच आहे. परिणामाबद्दल तो काही कबूल करत नाही. 'मूक' मात्र परिणाम नाही असं आधीच ठरवून टाकतो. तो शब्द परिणाम खरंच नसेल तिथेच वापरावा.

जाता जाता: 'रिसेप्टर'ला 'ग्राहक' लिहू नका. वाचकाला दुकान आठवतं.