धनुर्वात होऊन गेला, मग आता लस कशाला?

तुमचा प्रश्न असा: काका धनुर्वातातून वाचले, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती आलीच असणार, मग घरी सोडताना डॉक्टरांनी लस का टोचली?

नाही आलेली. डॉक्टरांचं बरोबर आहे.

धनुर्वाताचे जंतू जखमेत एक विष सोडतात. हे विष किलोमागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम एवढं गेलं तरी माणूस दगावतो. ६० किलोच्या माणसाला १५० नॅनोग्रॅम. मिठाचा एक दाणा याच्या शेकडो पट भरतो. इतक्या कमी विषाची रोगप्रतिकार पेशी पुरेशी दखलच घेत नाहीत. त्यातून ते जखमेजवळच्या चेतातंतूंच्या टोकांत शिरतं, आतल्या आत मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना सैल सोडणारे संदेश बंद पाडतं. मग दातखीळ बसते, पाठ कमानीसारखी ताणली जाते. प्रतिपिंडं, म्हणजे विषाला चिकटून ते निकामी करणारी रक्तातली प्रथिनं, विषाला तंतूच्या बाहेरच धरू शकतात. म्हणून झटके सुरू झाल्यावर दिलेलं टीआयजी, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, फक्त मोकळं उरलेलं विष निकामी करतं. आत शिरलेल्याचा परिणाम ओसरायला आठवडे लागतात.

लशीत हेच विष फॉर्मालिनने निर्विष केलेलं असतं. त्यामुळे ते मारक मात्रेच्या कित्येक पट देता येतं, सोबत प्रतिसाद वाढवणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, आणि बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, ओळख पटवून घ्यायला सवड मिळते.

आता खरं दुखणं. ‘लागलं की एक टीटी (धनुर्वाताची लस) मारून घ्यायचं’ ही सवय चुकीची आहे. ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याला पहिल्या डोसाने या जखमेपुरतं संरक्षण मिळत नाही. प्रतिपिंडं तयार होण्याआधीच, साधारण आठवड्याभरात, लक्षणं दिसू शकतात. अशाची जखम मळकी असेल तर एका दंडात टीआयजी २५० युनिट, दुसऱ्यात टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची एकत्र लस. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये भरू नयेत. टीडीचा दुसरा डोस ४ आठवड्यांनी, तिसरा ६ ते १२ महिन्यांनी. दुसऱ्यालाच लोक गायब होतात. उलट पूर्ण कोर्स झालेला असेल तर स्वच्छ, किरकोळ जखमेला १० वर्षं आणि मळक्या जखमेला ५ वर्षं पुन्हा टोचायची गरज नाही. दर खरचटण्याला सुई कशाला?

गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो, हा समजही तसाच; दोष गंजाचा नाही. या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त रूपं, माती-शेणात असतात. खिळा खोल रुततो, आत हवा पोचत नाही, तिथे ते रुजतात. म्हणून जखम धुणं आणि मेलेलं मांस काढणं इंजेक्शनइतकंच महत्त्वाचं.

एक राहिलं: हे सगळ्या आजारांना लावू नका. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही.