‘घशात काहीतरी अडकलंय बहुतेक’

खोकणाऱ्या कुत्र्यांची पत्रं वाचायला बसले की पहिल्या दोन ओळींत हे वाक्य हमखास सापडतं. बहुतेक वेळा घशात काहीही अडकलेलं नसतं. ज्या मोजक्या वेळी खरंच अडकतं, त्या वेळी पत्र लिहीत बसायचं नसतं. पत्रातून मला खोकला ऐकू येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. त्यामुळे ‘दाखवून घ्या’ हे शब्द खाली पुन्हा पुन्हा येतील. त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न: आमचा लॅब्राडॉर घाईघाईत पाणी पिताना कधीतरी ठसकतो आणि लगेच ठीक होतो. डॉक्टरांकडे न्यावं का?

उत्तर: कधीतरीच होत असेल तर नको. रोज होऊ लागलं, किंवा म्हातारपणी भुंकणं घोगरं झालं आणि थोडं चाललं तरी घरघर लागू लागली, तर न्या. वयस्क लॅब्राडॉरमध्ये स्वरयंत्र लुळं पडण्याचा आजार आढळतो आणि उकाड्यात तो जिवावर बेततो.

प्रश्न: आमची पग मान ताणून उभी राहते, नाकातून घर्रघर्र आवाज करत हवा आत ओढते. मिनिटभराने काहीच झालं नाही अशी फिरू लागते. हा दमा आहे का?

उत्तर: वर्णनावरून ही उलटी शिंक वाटते. नेहमीच्या शिंकेत हवा बाहेर फेकली जाते, हिच्यात झटक्याझटक्याने आत ओढली जाते. दिसते भयंकर, पण अधूनमधून आली तर निरुपद्रवी असते. पुढच्या वेळी घाबरून तिला उचलून हलवू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तिच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसातून अनेकदा येऊ लागली, नाकातून रक्त किंवा घट्ट शेंबूड आला, तर थांबू नका.

प्रश्न: दोन दिवसांपासून कुत्रा खोकतोय. खोकून खोकून शेवटी ओकारी काढतो, थोडा पांढरा फेस पडतो. शेजारी म्हणतात, हाड अडकलं असेल, तोंडात हात घालून बघा. बघू का?

उत्तर: नाही. आता जरा सविस्तर, कारण हा सल्ला देणारे शेजारी सगळीकडे असतात आणि त्यांच्यातला कोणी नंतर दवाखान्यात सोबत येत नाही.

जोराचा खोकला आला की कुत्र्याच्या घशाच्या मागच्या भागाला चाळवल्यासारखं होतं आणि उबळीच्या शेवटी त्याला उमळून येतं. जो फेस पडतो तो कफ असतो, पोटातला नसतो. खऱ्या उलटीत आधी कुत्रं अस्वस्थ होतं, लाळ गाळतं, ओठ चाटतं, मग पोट आत-बाहेर होऊन खाल्लेलं बाहेर पडतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. बाकी कुत्रं खातंपितंय, शेपटी हलवतंय, आणि गेल्या पंधरवड्यात ते इतर कुत्र्यांत मिसळलं असेल, पाळणाघरात राहिलं असेल, तर ‘केनेल कफ’ची शक्यता मोठी. बोर्डेटेला नावाचा जिवाणू आणि काही विषाणू मिळून हा संसर्ग करतात. निरोगी मोठ्या कुत्र्यात तो साधारण 1 ते 3 आठवड्यांत ओसरतो. तरीही डॉक्टरांना फोन करा, आणि आधी फोन करून मगच न्या, म्हणजे प्रतीक्षागृहातल्या दहा कुत्र्यांना तो प्रसाद मिळणार नाही. पिल्लू असेल, म्हातारं किंवा चपट्या नाकाचं कुत्रं असेल, जेवण सोडलं असेल, ताप असेल, नाकातून पिवळा-हिरवा स्राव येत असेल, तर मात्र त्याच दिवशी न्या. हा खोकला छातीत उतरला की न्यूमोनिया होतो.

खरंच अडकलं तर चित्र वेगळं दिसतं. वस्तू अन्ननलिकेत अडकली तर श्वास चालू असतो, पण कुत्रं सारखं गिळायला बघतं, लाळ गळते, प्यायलेलं पाणी परत येतं. तासन्‌तास तिथेच राहिलेलं हाड अन्ननलिकेला भोक पाडू शकतं, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका. बोटाने चाचपाल तर ते आणखी आत ढकलाल. वस्तू श्वासनळीच्या तोंडाशी बसली तर खोकलाही धड फुटत नाही. कुत्रं पंजांनी तोंड ओरबाडतं, हिरड्या निळसर होतात. अशा वेळी तोंड उघडून वस्तू समोर दिसत असेल आणि धरता येत असेल तरच ओढा. नसेल तर बरगड्यांच्या लगेच मागे पोटावर दोन्ही हातांनी वर-पुढच्या दिशेने झटके द्या, आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडी काढायला सांगा. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर तो मुळीच ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

आणखी दोन गोष्टी याच ‘अडकलंय’ नावाखाली माझ्याकडे येतात आणि मला झोपू देत नाहीत.

पहिली, कोरडी ओकारी. खोकला नाही, उमासे मात्र एकामागून एक येतात, बाहेर काही पडत नाही, पडलीच तर चिकट लाळ. कुत्रं बसत नाही, आडवं होत नाही, वळून पोटाकडे बघतं. पोट फुगतं, टणक लागतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत हे जास्त. जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळलं जातं, दोन्हीकडची वाट बंद होते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. याला गॅसचं औषध नाही, शस्त्रक्रिया आहे, आणि हाती काही तास असतात. पोट फुगलेलं दिसेपर्यंत वाट बघायची गरज नाही. मोठं कुत्रं, रिकामे उमासे, अस्वस्थपणा एवढं पुरे. रात्रीचे 2 वाजले असले तरी निघा. ‘थोडी वाट बघितली’ हे वाक्य मी अशा टेबलाशेजारी उभी राहून फार वेळा ऐकलंय.

दुसरी, रेबीज. रेबीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चवताळून चावत सुटलेलं कुत्रं येतं. पण या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात कुत्रं गप्प कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आवाज बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाड रुतलंय, आणि तो मायेने तोंडात हात घालतो. लाळेतच विषाणू असतो. नवखी होते तेव्हा मीही एकदा हातमोजे न घालता असा जबडा उघडला होता. दोन दिवसांत ते कुत्रं गेलं आणि मी दंडावर लशीची सुई घेत बसले. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण वेळच्या वेळी झालं असेल तर ही शक्यता फारच कमी. तरीही जबडा लोंबणाऱ्या, वागणं बदललेल्या कुत्र्याच्या, त्यातही अनोळखी किंवा लस न दिलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. घातला गेलाच असेल तर हात साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही.

शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा.

प्रश्न: घरात मुलांचं कफ सिरप आहे. वजनाच्या हिशोबाने दिलं तर चालेल?

उत्तर: चालणार नाही. त्यात पॅरासिटामॉल असेल तर ते कुत्र्याच्या यकृतावर आणि रक्तपेशींवर घाला घालतं, आयब्युप्रोफेन असेल तर जठर आणि मूत्रपिंडांवर. नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी हृदयाचे ठोके भरमसाट वाढतात. ‘शुगर-फ्री’ सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घातलेला गोडवा) असेल तर तासाभराच्या आत रक्तातली साखर कोसळू शकते. आणि न्यूमोनियात खोकला दाबणं म्हणजे छातीतला कफ आतच कोंडणं. देऊन बसला असाल तर बाटली घेऊन आत्ताच दवाखान्यात जा.

प्रश्न: जाहिरातीत ‘प्रतिकारशक्ती वाढवून खोकला मुळापासून घालवणारे’ थेंब पाहिले. घ्यावेत का?

उत्तर: कोणता खोकला? जंतांचा, हृदयाचा, श्वासनळीचा, न्यूमोनियाचा की डासांतून होणाऱ्या हृदयकृमीचा? पाचही मुळं वेगळी असताना एकाच बाटलीत सगळी उपटण्याचा दावा करणाऱ्याला आधी हे विचारा. थेंबांचं नुकसान बाटलीच्या किमतीपुरतं नसतं, ‘थेंब चालू आहेत’ म्हणून घालवलेल्या तीन आठवड्यांचं असतं.

प्रश्न: अकरा वर्षांचा लहान चणीचा कुत्रा. वर्षापूर्वी हृदयात ‘मर्मर’ (ठोक्यांमधला जादा आवाज) असल्याचं सांगितलं होतं. आता रात्री खोकतो. वयामुळे असेल?

उत्तर: वय हा आजार नाही. लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते, हृदय मोठं होऊन श्वासनलिकेवर दाब येतो, किंवा फुप्फुसांत पाणी साठू लागतं. पण खोकला एकटा काही सिद्ध करत नाही. याच कुत्र्यांची श्वासनळीही अनेकदा ढिली असते. तो गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या खाली हवं. पुन्हा मोजूनही वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. कोपरं फाकवून, पोट हापसत श्वास घेत असेल तर बोलत बसू नका, निघा. आकडा चांगला आला तरी या आठवड्यात एक्स-रे आणि तपासणी करून घ्या.

प्रश्न: पामेरियन पट्टा ओढला की बदकासारखा आवाज काढून खोकते.

उत्तर: गळपट्टा आजच काढा, छातीवरचा हार्नेस घाला, वजन जास्त असेल तर उतरवा. श्वासनळीच्या कूर्चा सैल पडून ती चपटी होत असावी. खात्री तपासणीनेच होईल.

प्रश्न: केनेल कफची लस दिली होती, तरी खोकला कसा?

उत्तर: खोकला आणणारे जंतू अनेक, लस त्यांतल्या काहींवर. ती आजार सौम्य करते, अभेद्य भिंत उभी करत नाही.

प्रश्न: दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. खोकतं, डोळ्यांना चिपडं येतात, आज खाल्लं नाही. आठवडाभर वाट बघावी का?

उत्तर: आज न्या. डिस्टेंपर हा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो.