चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन नव्या शहरात जाताना आधी वस्ती ठरवावी की शाळा?

तुमचा प्रश्न असा आहे की, नोकरीमुळे काही महिन्यांत दुसऱ्या शहरात जावे लागणार आहे, मुलगा चौदा वर्षांचा आहे, ते शहर फारसे माहितीचे नाही, आणि चांगली वस्ती पाहून तिथली शाळा घ्यावी की आधी शाळा ठरवून तिच्या आसपास घर शोधावे, हे ठरत नाही. माझे उत्तर आहे, आधी शाळा आणि मग घर. मूल पाच-सहा वर्षांचे असते तर मी कदाचित उलट सांगितले असते. माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना आम्ही शहर बदलले तेव्हा आधी घर घेतले होते, आणि त्याचा भार पुढे दीड वर्ष तिने एकटीने उचलला, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

घर शोधताना आमच्या डोळ्यांपुढे ज्या गोष्टी होत्या त्या सगळ्या मोठ्यांच्या होत्या: कार्यालयाचे अंतर, खोल्या, उजेड, शांतता. घर खरोखरच चांगले मिळाले. शाळाही चांगली मिळाली, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी जायला एक तास दहा मिनिटे लागत आणि संध्याकाळी त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात एकदा मी तिला आणायला गेले, तेव्हा मैदानावर तिच्या संघाचा सराव चालू होता आणि ती मात्र दप्तर पाठीला लावून, बुटांची पिशवी हातात धरून फाटकाजवळ उभी होती. सराव संपायला अजून चाळीस मिनिटे होती; पण पुढची बस चुकली की घरी पोहोचायला रात्र होई, म्हणून ती रोजच अर्ध्यावरून निघत असे. घरी तिने हे कधी सांगितले नव्हते. या वयातली मैत्री वर्गात कमी आणि सराव संपल्यावर सामान आवरताना, फाटकापर्यंत रेंगाळत चालताना जास्त जुळते, आणि नेमका तोच वेळ आम्ही घराच्या निवडीने तिच्याकडून काढून घेतला होता.

वस्तीचा प्रभाव मुलांवर पडतो हे खरे आहे, पण तो पडायला वर्षे लागतात. अमेरिकेत १९९४ साली ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ हा प्रयोग पाच शहरांत सुरू झाला. अतिशय गरीब वस्त्यांतील कुटुंबांमधून सोडतीने काहींची निवड करून त्यांना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेन्ड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या मोठेपणीच्या कमाईचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी जी मुले नव्या वस्तीत गेली, त्यांना ठळक फायदा झालेला दिसला. त्याहून मोठ्या मुलांना तसा फायदा झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाल्याची चिन्हे होती. तुमच्या कुटुंबाची परिस्थिती त्या कुटुंबांसारखी नसेल, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: चौदाव्या वर्षी नव्या वस्तीत घालवण्याची वर्षे थोडीच उरलेली असतात, आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसवण्याचा त्रास मात्र पूर्ण सोसावा लागतो. म्हणून वस्ती किती नावाजलेली आहे यापेक्षा मुलगा तिथे किती लवकर रुळेल, हा प्रश्न मी वर ठेवते.

आता शाळेविषयी. बहुतेक पालक पहिली चौकशी निकालाची करतात. मी पहिली चौकशी अभ्यासक्रमाच्या सांध्याची करायला सांगेन. माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातले अभ्यासक्रम अनेक ठिकाणी दोन-दोन वर्षांचे सलग आखलेले असतात. सोळा ते एकोणीस वयोगटासाठीचा आंतरराष्ट्रीय आयबी डिप्लोमा हा असाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अशा अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेतला की अर्धा भाग शिकवून झालेला असतो आणि तो भरून काढण्याची जबाबदारी मुलावर येते. आमच्याकडे घोळ वेगळाच झाला. जुन्या शाळेत भूमितीचा जो भाग झाला होता तोच नव्या शाळेत पुन्हा शिकवला गेला, आणि त्रिकोणमिती मात्र नव्या शाळेने आदल्या वर्षीच संपवली होती. भूमिती दोनदा आणि त्रिकोणमिती एकदाही नाही, असे पहिले वर्ष गेले. म्हणून सध्याच्या शाळेतून नुसता दाखला आणि गुणपत्रक घेऊन निघू नका. प्रत्येक विषयात कोणते प्रकरण कुठपर्यंत झाले आहे ते शिक्षकांकडून लिहून घ्या, आणि तो कागद नव्या शाळेतल्या त्या-त्या विषयाच्या शिक्षकांसमोर ठेवून काय राहिले आहे ते विचारा. मुलाची दुसरी किंवा तिसरी भाषा तिथे शिकवतात का, हेही प्रवेशाआधीच पाहावे. भाषा अर्ध्यावर सोडावी लागली तर तिच्यावर घालवलेली वर्षे वाया जातात.

निकालाचे आकडे पाहायला हरकत नाही, पण त्यातून शाळेची शिकवण कमी आणि तिथे कोणती मुले प्रवेश घेतात हे जास्त कळते. प्रवेशालाच हुशार मुले निवडून घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. हाच दोष कमी व्हावा म्हणून इंग्लंडने २०१६ मध्ये ‘प्रोग्रेस ८’ हे मोजमाप आणले, ज्यात प्राथमिक शाळा संपताना साधारण सारखीच पातळी असलेल्या मुलांशी तुलना करून प्रत्येक विद्यार्थ्याने पुढे किती मजल मारली ते पाहिले जाते. असे मोजमाप उपलब्ध नसेल तर शाळेत एक साधा प्रश्न विचारावा: मध्यम गुण घेऊन आलेल्या मुलांचे पुढे काय होते? या प्रश्नाचे उत्तर काही शाळा उदाहरणे देऊन सांगतात आणि काही शाळा विषय बदलतात. दोन्हींतून आपल्याला हवे ते कळते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न माझ्या मुलीने विचारला होता. शाळा पाहायला गेलो असताना आम्ही प्रयोगशाळा, ग्रंथालय, शुल्क यांविषयी बोलत होतो. तिने मध्येच विचारले, “मधल्या सुट्टीत नवीन मुलगी कुठे बसते?” माहिती देणाऱ्या बाईंना काय सांगावे ते सुचले नाही. सोबत आलेल्या वरच्या वर्गातल्या मुलीने मात्र लगेच सांगितले की, पहिले काही दिवस बहुतेकजण ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसतात. ते उत्तर मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. ज्या शाळेतली मुले बालवर्गापासून एकत्र वाढलेली असतात, तिथे गट घट्ट झालेले असतात आणि नव्या मुलाला शिरकाव मिळायला वेळ लागतो. ज्या इयत्तेत बाहेरून बरीच मुले येतात, तिथे सगळेच थोडेफार नवे असतात. म्हणून तुमच्या मुलाच्या इयत्तेत या वर्षी किती नवीन विद्यार्थी आले, हे जरूर विचारा, आणि शक्य असेल तर प्रवेश अशाच इयत्तेच्या सुरुवातीला घ्या, जरी त्यासाठी घरातल्या एका मोठ्या माणसाने काही महिने आधी एकट्याने जाऊन राहावे लागले तरी. मुलगा मोठ्या परीक्षेपासून वर्षभराच्या आत असेल, तर परीक्षा होईपर्यंत स्थलांतर पुढे ढकलण्याचा विचार मी गंभीरपणे करेन.

शाळा ठरली, किंवा दोन-तीन शाळांवर येऊन थांबलात, की मग नकाशा उघडा. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, मुलगा ज्या साधनाने जाणार आहे त्याच साधनाने एकदा जाऊन वेळ मोजा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ही निद्रावैद्यकाची संस्था सांगते, आणि या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकत असल्याने मुलांना लवकर झोप येत नाही, हा आळस नसतो. शाळा आठला भरत असेल आणि प्रवास सव्वा तासाचा असेल, तर मुलाला सहाच्या आत उठावे लागते. रात्री अकराला झोपणाऱ्या मुलाची झोप सात तासांच्याही खाली जाते. माझ्या मते अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रवास असेल तर त्या घराला मुलाच्या दृष्टीने मोठे कारण असायला हवे.

वस्ती पाहायला सकाळी जाऊ नका. दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत जा, कारण मुलाचा मोकळा वेळ तोच असतो. घरातून निघून कोणालाही सोडायला-आणायला न सांगता तो पोहोचू शकेल असे मैदान, वाचनालय, पोहण्याचा तलाव किंवा नुसते चार मुले जमतील असे ठिकाण आहे का, हे पायी फिरून पाहा. दिवे लागल्यावर बसथांब्यापासून घरापर्यंत चालून पाहा. त्याच्या शाळेतली मुले प्रामुख्याने कोणत्या भागातून येतात, हे शाळेला विचारले तर सहज सांगतात.

पहिले वर्षभर तरी घर भाड्यानेच घ्यावे. आम्ही घाईने विकत घेतले, आणि चूक कळल्यावरही तिथून हलायला दीड वर्ष गेले. मात्र जिथे राहत्या पत्त्यावरून शाळा ठरते, तिथे कोणत्या तारखेचा पत्ता ग्राह्य धरतात आणि भाडेकरार पुरावा म्हणून चालतो का, हे शाळेकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर करार करू नये.

शेवटी दोन-तीन घरे उरली की मुलाला निदान दोन दिवसांसाठी घेऊन जा आणि प्रत्येक घरापासून शाळेपर्यंत त्याला एकट्याने जाऊन येऊ द्या. परतल्यावर घर आवडले का असे विचारू नका. वाटेत काय-काय दिसले ते विचारा आणि तो बोलेल तितके ऐका. आमचे दुसरे घर मुलीने असेच निवडले. पहिल्या घरापेक्षा ते लहान आहे, आणि शाळेपासून पायी अठरा मिनिटांवर आहे. तिथे राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती सराव पूर्ण करून, दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन घरी आली.