राखीव दलातल्या मेकॅनिकला काय शिकवावं?

प्रश्न : मी ट्रक दुरुस्तीचं काम करतो. राखीव दलातली माणसं एरवी आपापला नोकरीधंदा करतात आणि वर्षातले थोडेच दिवस प्रशिक्षणाला जातात, असं वाचलं. ऐन युद्धात रणगाडा बंद पडला तर असे अर्धवेळ मेकॅनिक काय दिवे लावणार? त्यांना शिकवतात तरी काय?

उत्तर : बरेच दिवे लावतात! १९७३च्या ऑक्टोबर युद्धात इस्रायलची मुख्य भिस्त राखीव सैन्यावरच होती. सीरियाच्या सीमेवरच्या गोलान टेकड्यांवर मार खाल्लेले रणगाडे आघाडीच्या मागेच दुरुस्त करून परत लढाईत धाडले गेले, काही तर एकाहून अधिक वेळा.

वेळ मात्र खरंच कमी असतो. अमेरिकेतली रूढ पद्धत म्हणजे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सलग दोन आठवडे. त्यातून हजेरी, वैद्यकीय तपासणी, गोळीबाराचा सराव वजा करा. उरलेल्या तासांत इंजिन उतरवायला-चढवायला शिकवत बसणं मला कधीच पटलं नाही. डिझेल पंप, वायरिंग, वेल्डिंग तुम्ही रोजच करता. वर्कशॉपमध्ये मी अशा मुलांचे वर्ग घेत असे, तेव्हा खोदाई यंत्रावर काम केलेला एखादा मुलगा हायड्रॉलिकची गळती माझ्याआधी शोधायचा.

शिकवायचं असतं ते पाना हातात घेण्याआधीचं. गाडी इथेच तासा-दोन तासांत चालती होईल, ओढून मागे न्यावी लागेल, की तिचे भाग काढून दुसरी उभी करायची? चांगल्या मेकॅनिकला खोलून बघायची खाज असते, आणि युद्धात तीच नडते.

एक उदाहरण घ्या. सुरुंगाने रणगाड्याचं पुढचं चाक आणि त्याचा आर्म (चाक रणगाड्याला जोडणारा दांडा) मोडला. शांततेत दोन्ही बदलतात. युद्धात मोडकं चाक काढायचं, आर्म वर उचलून साखळीने जखडायचा, ट्रॅकची, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्याची, पिन ठोकून काढायची, काही कड्या कमी करायच्या आणि उरलेल्या चाकांवरून ट्रॅक पुन्हा जोडायचा. असा आखूड ट्रॅकचा रणगाडा हळू चालतो, झटक्यात वळवला तर ट्रॅक उतरतो. पण आपल्या पायांनी मागे येतो आणि ओढणारी गाडी दुसऱ्या कुणासाठी मोकळी राहते. याचा सराव रात्रीच घ्यावा, मंद टॉर्चवर, आणि पेटीतला एखादा सुटा भाग प्रशिक्षकाने मुद्दाम लपवून ठेवावा.

एका गाडीचे भाग काढून दुसरीला लावणं एरवी स्टोअरच्या हिशेबात बसत नाही, म्हणून कुणी ते शिकवतही नाही. (भंगारातली एक गाडी यासाठी द्या म्हणून मी किती अर्ज केले, ते राहू दे.) शिकवलं नाही तर युद्धात जो तो हाताला येईल ते काढतो, आणि दोन दिवसांत उभी राहिली असती अशी गाडीही हाडं होऊन पडते. काय काढलं ते गाडीवरच खडूने लिहायचं, आणि कुठली गाडी फोडायची ते एकानेच ठरवायचं.

ट्रकवाल्यांना नसलेली सवय म्हणजे आधी तोफ रिकामी आहे का बघणं, टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) लॉक करणं, मास्टर स्विच बंद करणं. टरेट अचानक फिरलं तर आतला माणूस चिरडतो. आणि मार खाल्लेला रणगाडा आतून कधीकधी रक्ताने माखलेला असतो. त्याची कल्पना मुलांना आधीच द्यावी, पहिल्यांदा झाकण उघडताना नव्हे.

युक्रेनने यात नवी भर घातली आहे. तिथे अनेक देशांच्या तोफा आणि गाड्या आल्या, तेव्हा पोलंडमध्ये बसलेले अमेरिकी तंत्रज्ञ फोनवर फोटो-व्हिडिओ पाहून दुरुस्ती सांगत. त्यामुळे बिघाड सांगता येणं हेही आता शिकवायला हवं. ‘साहेब, चालत नाही’ याचा उपयोग शून्य. इंजिन थंड होतं की तापलेलं, तेलाचा दाब किती, आवाज कुठून, हे सांगा.

तुम्ही कधी राखीव दलात गेलातच, तर पहिल्याच शिबिरात गाड्या ओढण्याची ड्यूटी मागून घ्या. तिथे अननुभवी माणूस विंचच्या (गाडी ओढणाऱ्या यंत्राच्या) ताणलेल्या दोराजवळ उभा राहतो. दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, म्हणून जेवढा दोर बाहेर आहे, निदान तेवढं तरी लांब राहायचं.