‘येते’ म्हणावं की ‘जाते’?

प्रश्न : डी.एल.एड. झालंय. एका एजन्सीमार्फत केनियातल्या अनाथाश्रमात तीन आठवडे शिकवायला जायचं म्हणते. पैसे मीच भरायचे. काय तयारी करू? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी ठिकाण बदला. अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, घरी फक्त गरिबी असते. पैसे भरून येणारे पाहुणे वाढले की आश्रम मुलांनी भरलेला ठेवण्यातच फायदा दिसू लागतो. म्हणून केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार आधुनिक गुलामगिरीत धरला. मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात अशी शाळा किंवा वाचनालय शोधा, आणि तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करा.

एजन्सीने पोलिसांचा दाखला मागितला का, हे पाहा. मागितला नसेल तर तिथून निघा. तुमची चौकशी न करता तुम्हाला मुलांत सोडणारे कुणालाही सोडतील. दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर होतो, फी ५०० रुपये. पासपोर्टवर मुंबईचा पत्ता आणि राहणं गुहागरला असेल तर पडताळणी रखडते, तेव्हा दोन महिने हाती ठेवा. केनियाचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना, फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. बिनपगारी असलं तरी काम ते काम, त्यासाठी तिथल्या संस्थेने स्पेशल पास (थोड्या मुदतीचा कामाचा परवाना) काढून द्यायला हवा.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच मिळते. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, लसीचा दाखला जन्मभर चालतो. त्या दाखल्याविना केनियातून परतलात तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि आंबापोळी, फणसपोळी कापडी पिशवीत न्या. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे.

प्रश्न : मुलगी नेपाळच्या एका शाळेत तीन महिने शिकवतेय. पहिलीतली पोरं तिच्या गळ्यातच पडलीत. ‘त्यांना सांगून निघायचं की गुपचूप?’ असं विचारते. – एक आई, देवगड

उत्तर : सांगूनच. झोपेत किंवा खेळात असताना माणूस नाहीसं झालं की मूल पुढे दाराकडे लक्ष ठेवायला लागतं, आणि रोजच्या बाईंनाही सोडत नाही.

खरं तर पहिल्याच दिवशी ‘मी अमुक सणापर्यंत आहे’ असं सांगायला हवं होतं. राहिलं असेल तर आता सांगू दे. पहिलीच्या मुलांना एक आठवडा आधी सांगितलेलं पुरतं, बालवाडीतल्यांना तीन दिवस. फार आधी सांगून उपयोग नाही, ‘पुढच्या महिन्यात’ हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. भिंतीवर सात गोल काढायचे आणि रोज सकाळी एका मुलाने एक खोडायचा. सांगताना नेहमीच्या शिक्षिका शेजारी बसलेल्या हव्यात, आणि उद्यापासून गोष्ट कोण वाचणार, तेही तेव्हाच कळायला हवं. शेवटचे दोन दिवस तीच गोष्ट शिक्षिकेने वाचावी, मुलीने नुसतं बसावं.

त्या आठवड्यात एखादं मूल चिमटे काढेल, एखादं बोलायचंच बंद करेल. ही कृतघ्नता नव्हे. निघणाऱ्याला आधीच सोडून द्यायची त्याची ती रीत. उलट पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या कडेवर चढणाऱ्या मुलाचीच जास्त काळजी वाटायला हवी.

निरोप वर्गातच, अर्ध्या तासाचा. बसथांब्यावर नको. वेगवेगळ्या भेटवस्तू नकोत, मोठी मुलं हिसकावून घेतात. वर्गाला मिळून दोन गोष्टींची पुस्तकं आणि एक चेंडू पुरे. फोटो छापून वर्गाला द्यावेत, स्टेटसला लावू नयेत. डोळे भरून आले तर येऊ देत, पण मुलाला तिची समजूत काढायची पाळी येऊ नये.

आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मालवणीत तर ‘येतंय हां!’ मोठ्यांना त्यातली खूण कळते. सहा वर्षांचं मूल मात्र खरंच दाराशी येऊन बसेल. त्याला ‘मी घरी जातेय, परत येणार नाही, पत्र पाठवेन’ असंच सांगावं. पत्र शाळेच्या पत्त्यावर, आणि तेही पाठवणार असेल तरच.

प्रश्न : वर्षभरासाठी बाहेर चाललोय. मित्रमंडळी इथे. निरोप कसा घेऊ? – एक वाचक, मालवण

उत्तर : सगळ्यांना शेवटच्या रात्री एकत्र बोलावू नका, त्या रात्री बॅग भरायची असते आणि कुणाशीच धड बोलणं होत नाही. चतुर्थीला चाकरमानी गावात असतात, तेव्हाच घरोघरी जाऊन भेटा. जिवाभावाच्या दोघा-तिघांशी फोनचा वार आणि वेळ ठरवून टाका. नुसतं ‘फोन करू’ महिन्याभरात विरतं. नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, केनिया अडीच तास मागे. त्यामुळे केनियात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मालवणात साडेनऊ वाजून जेवणं आटोपलेली असतात.

पावसाळ्यात निघणार असाल तर विमानाच्या दिवशीच मुंबईत पोचणारी गाडी धरू नका. कोकण रेल्वेच्या गाड्या तेव्हा मुद्दाम हळू चालवतात, आणि दरड आली तर गाडी तासन्‌तास अडकते. एक दिवस आधी निघा. स्टेशनवर सोडायला दोघंच येऊ देत.