झोर्नची तिरपी रेघ

प्रिय मित्रा,

स्वीडिश चित्रकार आन्डर्स झोर्नसारख्या सपासप तिरप्या रेघा तुला तांब्यावर मारायच्या आहेत. जरूर मार, पण तो हात कसा तयार झाला ते आधी बघ. स्वीडनमधल्या मोरा या गावचा हा मुलगा (जन्म 1860) पंधराव्या वर्षी स्टॉकहोमच्या कला अकादमीत गेला आणि नावारूपाला आला तो जलरंगांमुळे. एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, लावलेल्या थरात सुईने रेघा काढायच्या, रसायनाने त्या खोल करायच्या आणि शाई भरून छापायच्या) तो 1882मध्ये लंडनला आक्सेल हेर्मन हेग या एचिंगकाराकडून शिकला. पहिली प्लेट हेगच्याच व्यक्तिचित्राची. म्हणजे सुई हातात आली तेव्हा चूक पुसता येत नाही अशा जलरंगाच्या माध्यमात तो मुरलेला होता. तरीही मोकळी रेघ यायला सात-आठ वर्षं गेलीच.

त्याचं 1892चं ‘एर्नेस्ट रेनां’ हे व्यक्तिचित्र समोर ठेव. बाह्यरेषा शोध, फारशी सापडणार नाही. समांतर रेघांच्या पट्ट्या जिथे दिशा बदलतात तिथे आकार उभा राहतो, आणि गडद भागातही रेघांमधून कागद दिसत राहतो. नवशिके नेमका हाच कागद बुजवतात.

कारण साधं आहे. तांबं खाणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण रेघ खोल करतं तशी थोडी रुंदही करतं. रेघा फार जवळ असल्या की मधला ग्राउंड (पत्र्याला द्रावणापासून वाचवणारा थर) सुटतो आणि काळ्याऐवजी राखाडी, उथळ खड्डा छापला जातो. त्यात शाई टिकतच नाही. म्हणून आधी छोट्या तुकड्यावर 5, 10, 20, 40 मिनिटांची चाचणीपट्टी कर आणि आपल्या द्रावणाला किती अंतर लागतं ते ठरव.

पत्र्याच्या कडा कानशीने उतरत्या कर, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि त्यावरचं जाड ब्लँकेट कापले जातील. तेलकटपणा खडूच्या पुडीने घास. पाणी थेंब न धरता सलग पसरलं की पत्रा तयार. ग्राउंड पातळ हवा, जाड थर सुईखाली टवके सोडतो. सुईने फक्त ग्राउंड काढायचा, तांबं खरवडायचं नाही. प्लेट द्रावणात उभी ठेव. आडवी ठेवलीस तर गाळ रेघांत बसतो आणि द्रावणाचा चावा असमान होतो. चित्र उलटं उमटेल, सहीसुद्धा.

पहिला छापा फिका आला तर प्लेट लगेच पुन्हा द्रावणात घालू नकोस. बहुतेक वेळा पत्र्यावरची जादा शाई पुसतानाच रेघेतली शाई ओढली गेलेली असते. कापड सैल धर, शेवटचा हात तळव्याने फिरव, नीट भिजलेल्या सुती कागदावर दुसरा छापा काढ, मग ठरव.