मांडवातला अंधार आणि सव्वा लाखाचा कॅमेरा

दारव्हा तालुक्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं पत्र आहे. वय 29, घरी चार एकर कोरडवाहू. सीझनला बावीसेक ऑर्डरी होतात, ऑर्डरीमागे पोरांची मजुरी, अल्बम आणि गाडीखर्च वजा जाता सात हजार सुटतात. कॅमेरा कॅननचा 1500डी, सोबत 18-55, 55-250 आणि 50 एमएम एफ 1.8 ही भिंगं. आता शेजारच्या गावातला पोरगा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊन फिरतो आणि गिऱ्हाईक यांना विचारतं, "तुह्याजवळ मोठा कॅमेरा हाये का?" नागपूरच्या दुकानदाराने कॅनन आर8, 24-50 भिंगासह, सव्वा लाखाला सांगितला. जवळ साठ हजार आहेत. उरलेले हप्त्याने घ्यावेत, की बाबांच्या पीककर्जातून?

दादा, आधी भिंगाचं बोलू. दुकानदार ते बोलणार नाही.

फुल-फ्रेमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, 36 बाय 24 मिलिमीटर असतो, तुमच्या 1500डीचा साधारण 22 बाय 15. क्षेत्रफळ अडीचपटीहून जास्त, म्हणजे उजेडही तितकाच जास्त. पण आर8 सोबतचं ते 24-50 भिंग लांबच्या टोकाला एफ 6.3 पर्यंतच उघडतं, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. तुमच्या पेटीतलं 50 एमएम एफ 1.8 त्याच्या बारापट उजेड आत घेतं. म्हणजे रात्री साडेनऊला, डीजेच्या लाल-निळ्या लाइटीत वरमाला चालू असताना, जुन्या कॅमेऱ्यावरचं जुनं भिंग नव्या सव्वा लाखाच्या सेटपेक्षा चारपटीहून जास्त उजेड घेईल. अडचण वेगळी आहे. 1500डीवर ते 50 एमएम 80 एमएमसारखं, म्हणजे जास्त जवळचं दिसतं, आणि मांडवात मागं सरकायला गेलं की पाठीला वाजंत्री लागते. फुल-फ्रेमचा खरा फायदा मला इथे दिसतो: तेच भिंग पूर्ण 50 चं काम देतं.

बाकी दोन भिंगं फुल-फ्रेमसाठी बनलेलीच नाहीत. अडॅप्टर (जोडणीची कडी) लावून आर8 वर चढतील, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाईल आणि 24 मेगापिक्सेलचे साडेनऊच्या आसपास उरतील. म्हणून "कॅननच घ्यावा, भिंगं वाचतात" हा तुमचा मुद्दा मला फारसा पटला नाही. वाचतं ते एक 50 एमएम, आणि ते स्वस्तातलं आहे.

मग निकॉन झेड5 का बघत नाही? तोही फुल-फ्रेमच, 2020 चं मॉडेल. फोकस आर8 इतका चपळ नाही, 4के व्हिडिओत चित्र बरंच कापलं जातं. पण गावाकडे व्हिडिओ पेनड्राइव्हवर फुल एचडीच जातो. झेड5 मध्ये दोन मेमरी कार्डांची सोय आहे, एक उडालं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात; आर8 मध्ये एकच कार्ड बसतं. हिंगणघाटला माझ्या भाचीच्या लग्नात हळदीच्या फोटोंचं कार्ड खराब झालं. फोटोग्राफर भला माणूस, त्याने पैसे परत केले, पण त्या गावात पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. सेकंदाला चाळीस फोटो काढणारा आर8 हे नुकसान भरून देत नाही. झेड5 घ्याल तर फ्लॅशचा ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) बदलावा लागेल, तेवढं धरून चाला.

आता पैशाचं. कॅमेरा तीन वर्षांत निम्म्या किमतीवर येतो असं मी हिशोबात धरतो. पंचवीस हजार भरून एक लाख दोन वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतले तर व्याज तेरा हजारांच्या आसपास. घसारा, व्याज, जादा बॅटरी-कार्डं मिळून वर्षाचा बोजा अठ्ठावीस हजारांच्या घरात. फुल-फ्रेममुळे ऑर्डरीमागे चार हजार जास्त मिळणार असतील तर बावीसपैकी सात गिऱ्हाइकांनी ते खरोखर मोजायला हवेत. "मोठा कॅमेरा हाये का" विचारणारे किती आणि त्यासाठी जास्त देणारे किती, हे तुमच्या पत्रात नाही.

शिवाय तुमची कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढी एकादशीला थांबते. हप्ता मात्र श्रावणातही येतो. म्हणून साठातले पस्तीस हजार चातुर्मासासाठी बाजूला ठेवा, त्यांना हात लावू नका. "झिरो टक्के" हप्त्यात प्रोसेसिंग फी असते आणि रोखीची सूट जाते, म्हणजे व्याज दुसऱ्या नावाने दिलंच.

पीककर्जाचा विचार मात्र सोडाच. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत ते जवळपास बिनव्याजी पडतं, म्हणून मोह होतो. पण ते बाबांच्या सातबाऱ्यावर आहे. लग्नाची उधारी अडकली आणि मुदत चुकली, तर सवलत जाते आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्याला नवं कर्ज मिळत नाही. कर्ज काढायचंच तर धंद्याच्या नावाने मुद्रा योजनेचं काढा. पन्नास हजार ते पाच लाखांचा किशोर गट त्यासाठीच आहे, तारणही लागत नाही.

या सीझनला घेऊ नका. मोठ्या ऑर्डरींना झेड5 आणि 24-70 एफ 4 भाड्याने आणा, आणि त्या गिऱ्हाइकांना दर आधीच चार हजारांनी वाढवून सांगा. कोण हो म्हणालं, कोण नाही, वहीत लिहा. मे महिन्यात ती वही मला पाठवा. सात जण भरले तर पक्क्या बिलावर घ्या. बिलाशिवाय दहा हजार स्वस्त देणाऱ्याच्या दारात जाऊ नका, कारण वॉरंटी मागायला पुन्हा नागपूरची एसटी धरावी लागेल, तीही रिकाम्या हाताने परतायला.